लोहयुक्त बाजरी : वाणापासून निकषापर्यंत

हुडको (भिलाई) : भिलाई हे लोखंडावर वसलेले शहर आहे. सोव्हिएत संघाबरोबर 1955 मध्ये झालेल्या करारातून येथे पोलाद कारखाना उभा राहिला. पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले आणि तेव्हापासून दल्ली-राजहराच्या खाणींतील लाल खनिज या भट्ट्यांना पुरवले जात आहे. कारखान्याच्या आधाराने येथील वसाहती वाढल्या आणि मराठी भाषकांसह देशाच्या अनेक भागांतील कुटुंबे येथे स्थिरावली. ज्या राज्याच्या पोटात इतके लोह आहे, त्याच छत्तीसगडमध्ये 15 ते 49 वयोगटातील 60.8 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे 2019-21 मधील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण 54.2 टक्के होते. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील बालकांची स्थिती अधिक बिकट आहे. छत्तीसगडमध्ये 67.2 टक्के आणि महाराष्ट्रात 68.9 टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त होती.

रक्तक्षयाचे एकमेव कारण लोहाची कमतरता नव्हे. जंत, हिवताप, सिकलसेलसारखे आनुवंशिक आजार, फॉलिक आम्ल आणि ब-12 जीवनसत्त्वाचा अभाव हीही कारणे आहेत. तथापि आहारातून मिळणारे अपुरे लोह हे त्यांतील एक प्रमुख कारण मानले जाते. शासनाने 1970 पासून लोहाच्या गोळ्या वाटल्या. गोळी नियमित घेतली तर गुण येतो, परंतु मळमळ, पुरवठ्यातील खंड आणि विसर यांमुळे ती नियमित घेतली जात नाही. म्हणून गोळीतील लोहाचा काही भाग रोजच्या भाकरीतच आणता येईल का, असा प्रश्न कृषिशास्त्रज्ञांपुढे आला. त्याचे आजवरचे सर्वांत ठोस उत्तर महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यातील बाजरीने दिले आहे.

मातीत आहे, पण दाण्यात नाही

लाल मातीत लोह विपुल असते, म्हणून त्या मातीत पिकणारे धान्यही लोहाने समृद्ध असेल, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. जमिनीतील बहुतेक लोह गंजाच्या स्वरूपात, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या संयुगांत अडकलेले असते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तर ते आणखी दुर्लभ होते. जमिनीच्या पृथक्करणात लोह भरपूर दिसते आणि पिकाची पाने मात्र पिवळी पडतात, हा अनुभव मराठवाड्यातील शेतकऱ्याला नवा नाही.

गवतकुळातील वनस्पतींनी यावर आपला उपाय शोधला आहे. बाजरी, ज्वारी, गहू, भात यांची मुळे विशिष्ट संयुगे मातीत सोडतात. ती लोहाच्या कणांना धरतात आणि विरघळलेल्या रूपात मुळांपर्यंत परत आणतात. पुढे हे लोह खोडातून पानांत जाते आणि दाणा भरण्याच्या काळात पानांतून कणसात उतरते. यातील प्रत्येक टप्प्यावर वाणागणिक फरक पडतो. एकाच शेतात, एकाच खतावर वाढलेल्या दोन वाणांच्या दाण्यांत लोहाचे प्रमाण दुप्पट-तिप्पट वेगळे असू शकते. पैदासकाराच्या हाती हा नैसर्गिक फरकच भांडवल म्हणून असतो. परक्या जीवाचे जनुक पिकात घालण्याशी या कामाचा संबंध नाही. निवड आणि संकर या जुन्याच पद्धतींनी दाण्यातील पोषकद्रव्ये वाढवण्याला कृषिशास्त्रात जैवसंपृक्तीकरण म्हणतात. या कामासाठी हार्वेस्टप्लस हा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाला. त्याचे संस्थापक हॉवर्थ बुई यांना रताळ्यावर काम करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांसह 2016 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

बाजरीची निवड करण्यामागे साधा हिशेब होता. हे धान्य खाणारी कुटुंबे बहुधा कोरडवाहू भागातील आणि अल्प उत्पन्नाची असतात, ती ते रोज आणि भरपूर खातात, आणि तांदूळ किंवा गव्हापेक्षा बाजरीत लोह मुळातच अधिक असते. धान्यातील लोह दशलक्ष भागांत, म्हणजे एक किलो दाण्यांत किती मिलिग्रॅम, या मापाने मोजतात. शेतात असलेल्या सर्वसाधारण वाणांत ते 45 ते 50 च्या घरात होते. त्यात सुमारे 30 ने भर घालण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले.

टोगोची बाजरी

हैदराबादजवळील पटनचेरू येथे इक्रिसॅट ही निमशुष्क प्रदेशातील पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तेथे जगभरातील बाजरीच्या वाणांची चाचणी झाली तेव्हा लोहाचे जादा प्रमाण वारंवार एकाच गटात दिसू लागले. तो गट इनियादी किंवा इनियारी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पश्चिम आफ्रिकी बाजरीचा होता. टोगो, घाना, बेनिन आणि बुर्किना फासो या देशांत ती परंपरेने पिकते. तिचा दाणा टपोरा असतो आणि ती लवकर तयार होते.

योगायोग असा की या गटातील एक वाण महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला आधीच परिचित होता. उत्तर टोगोतील स्थानिक बाजरीतून इक्रिसॅटने निवडलेला आयसीटीपी 8203 हा वाण 1988 मध्ये लागवडीसाठी प्रसारित झाला होता. त्या काळी बाजरीच्या संकरित वाणांना केवडा रोगाने हैराण केले होते. या रोगात कणसाऐवजी पानांचा झुपका येतो, म्हणून आपल्याकडे त्याला गोसावी असेही म्हणतात. 1970 च्या दशकाच्या आरंभी या रोगाने देशातील संकरित बाजरीचे मोठे नुकसान केले होते. आयसीटीपी 8203 या रोगाला दाद देत नसे, पाऊस लवकर गेला तरी पदरात काही टाकत असे, आणि त्याची भाकरी लोकांना आवडे. त्यात लोह जास्त आहे, हे त्या वेळी कोणी पाहिले नव्हते.

हा संकरित वाण नव्हे, मुक्त परागीभवनाचा वाण आहे. त्यामुळे शेतातील प्रत्येक झाड आनुवंशिकदृष्ट्या थोडे वेगळे असते. पैदासकारांनी याच वेगळेपणाचा उपयोग केला. वाणातील झाडांच्या संततीची स्वतंत्र तपासणी करून ज्यांच्या दाण्यात लोह अधिक आणि उत्पादनही चांगले, त्या ओळी निवडून पुन्हा एकत्र केल्या. त्यातून जो सुधारित वाण तयार झाला, त्याला धनशक्ती हे नाव मिळाले. त्यात लोह 71 आणि जस्त सुमारे 40 आहे. मूळ वाणापेक्षा लोह सुमारे 9 टक्के अधिक आहे आणि उत्पादनही सुमारे 11 टक्क्यांनी वाढले आहे. पोषण वाढले आणि उत्पादन घटले नाही, याला शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वाधिक महत्त्व होते.

इक्रिसॅट आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून हा वाण पुढे आला. जळगाव जिल्ह्यातील पाचोरा येथील निर्मल सीड्स या कंपनीने 2012 मध्ये त्याचे बियाणे महाराष्ट्रातील शेतकऱ्यांपर्यंत नेण्यास प्रारंभ केला. 2014 मध्ये देशातील बाजरी पिकवणाऱ्या सर्व राज्यांसाठी त्याची शिफारस झाली. भारतात अधिकृतपणे लागवडीस आलेला हा पहिला जैवसंपृक्त बाजरी वाण आहे. मुक्त परागीभवनाचा असल्याने काळजी घेतल्यास शेतकऱ्याला त्याचे बियाणे घरचे ठेवता येते.

धूळ, लोखंड आणि मोजमाप

या कामातील एक अडचण बाहेरच्या माणसाच्या ध्यानात सहसा येत नाही. दाण्यातील लोह मोजताना सर्वांत मोठी फसवणूक धुळीची असते. दाण्याला चिकटलेल्या मातीच्या कणांत दाण्याच्या तुलनेत कितीतरी पट लोह असते. खळ्यावर मळलेली, लोखंडी यंत्रातून गेलेली किंवा उघड्या पोत्यात ठेवलेली बाजरी तपासली तर ती खोटीच श्रीमंत दिसते. म्हणून चाचणीची कणसे स्वच्छ कापडी पिशव्यांत घ्यावी लागतात, लोखंडाचा स्पर्श टाळून मळावी लागतात. नमुन्यात ॲल्युमिनियमही मोजतात. हा धातू मातीत भरपूर आणि दाण्यात नगण्य असतो, त्यामुळे तो जास्त दिसला की लोहाच्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

पूर्वी असे प्रत्येक मापन आम्लात नमुना विरघळवून करावे लागे. ते महाग होते आणि दाणा नष्ट होई. क्ष-किरणांच्या साहाय्याने दाणा न फोडता काही मिनिटांत लोह आणि जस्त सांगणारे यंत्र आल्यावर एका हंगामात हजारो नमुने तपासणे शक्य झाले. दाणा शाबूत राहतो, म्हणून तपासलेलाच दाणा पुन्हा पेरता येतो. या पिकात झालेल्या प्रगतीचे बरेचसे श्रेय या यंत्राला द्यावे लागेल.

मापन सुलभ झाल्यावर दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली दिलासा देणारी होती. बाजरीत लोह आणि जस्त बहुतेक एकत्र वाढतात, त्यामुळे लोहासाठी निवड करताना जस्त आपोआप वर येते. दुसरी गोष्ट कष्टाची होती. संकरित वाणात उत्पादनाच्या बाबतीत संतती दोन्ही पालकांना मागे टाकते. लोहाचे तसे होत नाही. संकराच्या दाण्यातील लोह साधारणपणे दोन्ही पालकांच्या मध्ये कुठेतरी येते. म्हणजे लोहयुक्त संकरित वाण हवा असेल तर नर आणि मादी या दोन्ही ओळी आधी लोहयुक्त कराव्या लागतात. देशातील बाजरीचे मोठे क्षेत्र संकरित वाणांखाली असल्याने हे दुहेरी काम टाळता येण्यासारखे नव्हते.

ते महाराष्ट्रात झाले. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील केंद्राने 2017 मध्ये एएचबी 1200 हा 73 लोह असलेला संकरित वाण दिला. त्यानंतरच्या वर्षी आलेल्या एएचबी 1269 मध्ये लोह 91 आणि जस्त 43 पर्यंत गेले. राहुरी विद्यापीठाच्या धुळे केंद्राने फुले महाशक्ती हा 87 लोह आणि 41 जस्त असलेला वाण तयार केला. हिसार येथे एचएचबी 299 आणि राजस्थानात दुर्गापुरा येथे आरएचबी 233 व 234 हे वाण आले. ज्वारीच्या बाबतीत परभणी विद्यापीठ आणि इक्रिसॅट यांनी 2018 मध्ये परभणी शक्ती हा 45 लोह आणि 32 जस्त असलेला वाण दिला. ज्वारीत एरवी हे प्रमाण सुमारे 30 आणि 20 असते.

शाळेतील भाकरी

दाण्यात लोह असणे आणि ते रक्तात पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजरीत फायटिक आम्ल आणि पॉलिफेनॉल ही द्रव्येही भरपूर असतात आणि ती आतड्यात लोह अडवून ठेवतात. त्यामुळे केवळ आकडा वाढवून उपयोग होईल का, अशी शंका सुरुवातीपासून घेतली जात होती आणि ती रास्त होती.

तिची पहिली तपासणी बेळगावात झाली. तेथील वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी साधारण दोन-तीन वर्षांच्या 40 बालकांना एका दिवसाचे जेवण बाजरीचे दिले. काहींना नेहमीच्या बाजरीचे, तर काहींना लोहयुक्त बाजरीचे. किरणोत्सारी नसलेल्या समस्थानिकांच्या साहाय्याने शोषण मोजण्यात आले. नेहमीच्या बाजरीतून दिवसाला सरासरी 0.23 मिलिग्रॅम, तर लोहयुक्त बाजरीतून 0.67 मिलिग्रॅम लोह शरीरात गेले. जस्ताचे आकडे अनुक्रमे 0.67 आणि 0.95 होते. हा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसरी चाचणी अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील निवासी शाळांत झाली. बारा ते सोळा वर्षांच्या 246 मुलामुलींना अनेक महिने दुपारी आणि रात्री बाजरीची भाकरी देण्यात आली. निम्म्यांची भाकरी 86 लोह असलेल्या बाजरीची, तर उरलेल्यांची साध्या बाजरीची होती. कोणती भाकरी कोणाला, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने ठरले होते. प्रारंभी सुमारे 40 टक्के मुलांच्या शरीरात लोहाचा साठा अपुरा होता. सहा महिन्यांनी पाहता, साठा अपुरा असलेल्या मुलांपैकी लोहयुक्त भाकरी खाणाऱ्यांत तो पूर्ववत होण्याची शक्यता इतरांच्या 1.64 पट होती. हे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. याच मुलांच्या एका गटात लक्ष एकाग्र करण्याच्या आणि स्मरणशक्तीच्या कसोट्यांतही सुधारणा आढळल्याचे पुढे 2018 मध्ये मांडले गेले.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. मुंबईतील झोपडपट्ट्यांत 12 ते 18 महिन्यांच्या बालकांना अशाच बाजरीचे पदार्थ पूरक आहार म्हणून देऊन पाहिले असता एकूण गटात लोहाच्या, जस्ताच्या किंवा वाढीच्या मापांत लक्षणीय फरक आढळला नाही. एवढ्या लहान वयात मूल खाते थोडे, संसर्ग वारंवार होतात आणि लोहाची गरज मोठी असते. जो किशोरवयीन मुलगा दिवसाला चार-पाच भाकऱ्या खातो, त्याच्या बाबतीत चालणारा हिशेब वर्षभराच्या मुलाला लागू पडत नाही. लोहयुक्त बाजरीला औषध म्हणून मिरवणाऱ्या जाहिरातींनी हा भेद ध्यानात घ्यायला हवा.

हिशेब असा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे. दोनशे ग्रॅम साध्या बाजरीतून सुमारे साडेनऊ मिलिग्रॅम मिळते. तेवढ्याच धनशक्तीतून चौदा आणि एएचबी 1269 मधून अठरा मिलिग्रॅम मिळते. उरलेले पालेभाजी, कडधान्ये आणि इतर आहारातून यावे लागते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर हरभरा, गाजर, बोरे अशी मिसळीची भाजी करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ताज्या भाज्या-फळांतील क जीवनसत्त्व धान्यातील लोहाचे शोषण वाढवते, म्हणून आहारशास्त्राच्या दृष्टीने ही जोडी उत्तम आहे. लिंबाची फोडही हेच काम करते. बाजरी भिजवून, मोड आणून किंवा आंबवून घेतली तर फायटिक आम्ल कमी होते. जेवणाबरोबर चहा घेतला तर मात्र मिळालेल्या लोहातील बराच वाटा वाया जातो.

भाव नाही, मग निकष

लोहयुक्त बाजरीपुढील खरी अडचण बाजारात आहे. तिचा दाणा इतर बाजरीसारखाच राखाडी दिसतो. बाजार समितीत आलेल्या पोत्यात 45 लोह आहे की 90, हे व्यापाऱ्याला डोळ्यांनी कळत नाही आणि तपासण्याची सोय तेथे नसते. त्यामुळे लोहाला भाव नाही. सर्व माल एकत्र होतो. शेतकरी वाण निवडताना उत्पादन, केवड्याला प्रतिकार, कालावधी आणि जनावरांसाठी मिळणारे सरमाड पाहतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. लोहयुक्त वाण उत्पादनात मागे पडला तर पुढच्या वर्षी तो पेरला जात नाही.

या स्थितीत सर्वांत परिणामकारक पाऊल एखाद्या नव्या वाणाचे नव्हते, तर नियमाचे होते. अखिल भारतीय समन्वित बाजरी संशोधन प्रकल्पाने ठरवले की यापुढे देशात प्रसारित होणाऱ्या प्रत्येक बाजरी वाणात लोह किमान 42 आणि जस्त किमान 32 असलेच पाहिजे. 2018 पासून हा निकष लागू झाला. कोणत्याही पिकाच्या वाणाला मान्यता देताना सूक्ष्म पोषकद्रव्यांची किमान पातळी बंधनकारक करणारा हा जगातील पहिला नियम मानला जातो.

42 हा आकडा दिसायला फार मोठा नाही, आणि तसा तो ठेवण्यात व्यवहार होता. त्यामुळे पैदासकारांचे चालू काम अडले नाही, परंतु लोहात अगदीच दरिद्री असलेल्या वाणांचा मार्ग बंद झाला. शेतकऱ्याने मागितले नाही, व्यापाऱ्याने तपासले नाही, ग्राहकाने जादा दाम मोजले नाही, तरी काही प्रमाणात लोह बियाण्याबरोबरच शेतात येऊ लागले. केवळ उत्पादनासाठी काम करणाऱ्या पैदासकारालाही आता आपल्या ओळींतील लोह मोजावे लागते. हा निकष टप्प्याटप्प्याने वाढवावा, अशी सूचना पुढे येणे स्वाभाविक आहे. मात्र तो फार वेगाने वाढला तर उत्पादनात सरस वाण बाद होतील आणि शेतकरी जुन्याच बियाण्याकडे वळेल, ही भीतीही अनाठायी नाही.

छत्तीसगडमध्ये

बाजरी हे छत्तीसगडचे मुख्य पीक नाही. येथे भात आहे, आणि डोंगराळ व आदिवासी भागांत कोदो, कुटकी आणि रागी, म्हणजे आपली नाचणी. भाताच्या बाबतीत रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने छत्तीसगड झिंक राइस-1 हा जस्तयुक्त वाण दिला आहे. भरड धान्यांचे काम तुलनेने नवे आहे. अन्न व कृषी संघटनेच्या 75 व्या वर्षानिमित्त 16 ऑक्टोबर 2020 रोजी पंतप्रधानांनी आठ पिकांचे 17 जैवसंपृक्त वाण राष्ट्राला अर्पण केले. त्यांत नाचणीचे सीएफएमव्ही 1 व 2 आणि कुटकीचा सीएलएमव्ही 1 यांचा समावेश होता. सीएफएमव्ही 1 मध्ये शंभर ग्रॅम दाण्यांत 428 मिलिग्रॅम कॅल्शियम, शिवाय 58 लोह आणि 44 जस्त आहे. कुटकीच्या सीएलएमव्ही 1 मध्ये लोह 59 आणि जस्त 35 असून महाराष्ट्रासाठीही त्याची शिफारस आहे. नावांचा घोळ येथे संभवतो, कारण छत्तीसगडची कुटकी महाराष्ट्रात कुठे सावा, तर कुठे वरी या नावाने ओळखली जाते आणि हीच नावे अन्यत्र दुसऱ्या धान्यांनाही दिली जातात. बियाणे घेताना वाणाचे नाव पाहणे उत्तम.

छत्तीसगड सरकारने 2021 मध्ये मिलेट मिशन सुरू केले. कोदो-कुटकीला क्विंटलमागे 3000 रुपये आणि रागीला 3377 रुपये असा खरेदी दर जाहीर केला. कोदो-कुटकीला असा दर मिळणे ही येथील आदिवासी शेतकऱ्यासाठी मोठी गोष्ट होती. हा दर वजनावर आहे, दाण्यातील लोहावर नाही.

कोदो आणि कुटकीच्या बाबतीत आणखी एक टप्पा आहे, जो बाजरीला नाही. बाजरी सालीसकट दळली जाते. कोदो-कुटकीचे टरफल काढावेच लागते आणि गिरणीत त्याच्या पुढे जाऊन दाणा पांढरा होईपर्यंत घासण्याची पद्धत वाढत आहे, कारण शहरातील ग्राहकाला पांढरी कुटकी हवी असते. दाण्याच्या बाहेरील थरांत आणि कोंबात साठलेले लोह आणि जस्त या घासण्यात कोंड्याबरोबर निघून जाते, आणि तो कोंडा पशुखाद्यात जातो. हुडको किंवा सुपेला येथील दुकानात कुटकी घेणाऱ्या ग्राहकाला किंचित तपकिरी, कमी घासलेला दाणा मागता येईल. तो शिजायला थोडा अधिक वेळ घेतो आणि भिजवून ठेवावा लागतो.